चार-चारमधलं अंडं

३० आझर

मिशी पणाला लावली! चहाखान्यात, अकरा माणसांसमोर. उद्या दै महिना लागतो, आणि त्याबरोबर हिवाळ्याचे कडक चाळीस दिवस, मोठा चिल्ला.

हैबत चहा ओतता ओतता म्हणाला, "उस्ता, चिल्ल्यात कोंबडी अंडं देत नसते. तुम्ही आपल्या शेगड्या दुरुस्त करा." मी म्हटलं, मोठ्या चिल्ल्याचे शेवटचे चार दिवस आणि वीस दिवसांच्या धाकट्याचे पहिले चार — बहमन महिन्यातल्या त्या चार-चारमध्ये, ऐन कडाक्यात, माझी कोंबडी अंडं देईल. नाही दिलं तर मिशी उतरवतो. त्यानं लगेच फळीवरून वस्तरा काढून दाखवला. चहाखान्यात वस्तरा कशाला ठेवतो हा माणूस?

घरी बायको, गुलनिसा, निखाऱ्यांवर चौरंग ठेवून पसरलेल्या रजईखाली पाय घेऊन बसली होती. ऐकून एवढंच म्हणाली, "थंडी सरली की आपल्या तेल्लीचं लग्न आहे. बिनमिशीचा बाप घेऊन व्याह्यांसमोर कशी उभी राहू?"

३ दै

निवड कशी केली ते लिहून ठेवतो. लोकांना वाटतं कोंबडी म्हणजे कोंबडी.

गेल्या हिवाळ्यात पांढऱ्या लेगहॉर्न होत्या. अंडी भरपूर, पण तुरा केवढा — माझ्या अंगठ्याएवढाली टोकं! गारठून काळी पडली, गळून गेली. यंदा तीन पुस्तकं वाचली आणि तबरीझहून ब्रह्मा जातीच्या आणल्या. चार माद्या, एक नर. तुरा म्हणजे डोक्याला चिकटलेल्या वाटाण्यांच्या तीन ओळी; गारठायला काही उरतच नाही. अंग भरलेलं, वरच्या पिसांखाली कापसासारखा थर. शिवाय पायांनाही पिसं, मोजे घातल्यासारखी. माद्या आठ महिन्यांच्या. पहिलं अंडं आता कधीही.

गुलनिसाची गावठी काळी त्यांच्यात घुसते. वजन दीड किलो. जातीचा पत्ता नाही.

११ दै

मोज्यांनी दगा दिला.

पायांच्या पिसांत बर्फाचे गोळे. बिचाऱ्या चालतात तेव्हा खडखड वाजतं. तेल्लीचा लग्नासाठी घेतलेला केस वाळवायचा पंखा वापरला, एकेका पायाला चार मिनिटं. तेल्ली म्हणाली, "बाबा, सासरी त्याला खुराड्याचा वास आला तर?" मी म्हटलं, चालतो की नाही बघून देतोय.

काळीचे पाय उघडे. बर्फात हिंडून आली, पाय झटकले, झालं.

१२ दै

पुस्तकात हे का नव्हतं?

७ बहमन

चार-चार सुरू. उणे चोवीस. पाणी पाच वेळा बदललं, पाचही वेळा गोठलं. अंडं नाही.

चहाखान्यात शिरलो तेव्हा मिशीवर बर्फ होता. हैबत म्हणाला, "उस्ता, तुमचाच तुरा सांभाळा."

१० बहमन

नाही.

१३ बहमन

उणे सत्तावीस. नाही. हैबत आज नुसता वस्तरा पुसत होता.

गुलनिसा संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आली. म्हणे सुई हवी होती. घरात सुया चार आहेत.

१४ बहमन

अंडं!!

सकाळी सात वीस. मी सव्वासहापासून खुराड्याच्या दारात होतो. एकही कोंबडी अंड्याच्या खोक्यात बसली नाही. गुलनिसा पाणी ठेवायला आत गेली, बाहेर आली, म्हणाली, बघा तरी एकदा. तपकिरी, एकसष्ट ग्रॅम आणि गरम — रजईखालून काढल्यासारखं!

रुमालात गुंडाळून चहाखान्यात नेलं. सगळे उठून उभे राहिले. हैबतनं अंड्याकडे धड पाहिलंही नाही. "हरलो उस्ता. आजचा चहा माझा." इतक्या सरळपणे हा माणूस आजवर कधी हरला नव्हता.

१५ बहमन

कालची नोंद वाचली. पुन्हा वाचली.

कोंबडीचं पहिलं अंडं चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं. एकसष्टचं नव्हे. उणे सत्तावीसमध्ये ते गरम राहत नाही. आणि खोक्यात कुणी बसलंच नव्हतं. सगळं मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात.

गुलनिसाला विचारलं. ती कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "सराब गावच्या बाजारातलं आहे. हैबतनं स्वतः जाऊन आणलं. म्हणाला, मोठंच ने वहिनी, लहान अंड्यावर उस्ताचा विश्वास बसायचा नाही."

१६ बहमन

अकराच्या अकरा जणांसमोर सांगितलं. हैबत कानाशी येऊन म्हणाला, "उस्ता, लग्न होऊ द्या. मग बघू." मी बाकावर बसलो, मान वर केली. वस्तरा त्याचाच. हातही त्याचाच.

तेल्ली पोट धरून हसली. गुलनिसा बोलत नाही.

मिशीविना ओठ गार पडतो. पुढच्या वर्षी ब्रह्मा नर आणि गावठी काळी. तुरा याचा, पाय तिचे. पहिल्या पिढीत पायांवर थोडी पिसं राहतील. उघड्या पायांची पिल्लं निवडत जायचं. हे कुठल्याच पुस्तकात नाही.

१९ बहमन

गुलनिसा काल माहेरी गेली. हैबत तापानं अंथरुणात. आज खोक्यात अंडं. त्रेचाळीस ग्रॅम, टरफलावर रक्ताचा पुसट ठिपका. ब्रह्मा, पायात निळी कडी असलेली. बसताना मी पाहिली.

चहाखान्यात नेलं नाही. गुलनिसा येईपर्यंत रजईखाली ठेवलंय.