खिशात राहिलेली किल्ली

प्रिय माऊ,

तुझं पत्र पोचलं. मी आता पवनचक्क्या चढणं बंद करावं, कायमचं तुझ्याकडे येऊन होणारं बाळ सांभाळावं, हा हुकूम वाचून क्षणभर कळेना, तू माझी आई की मी तुझी!

त्याच दिवशी मी एक पराक्रम केला. वर चढण्याआधी खाली मेन स्विचला प्रत्येकाने आपापलं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची, अशी आमची पद्धत. आपण वर असताना कोणी चुकून चक्की सुरू करायला नको. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, मग तो साहेब का असेना. माझा जोडीदार लंबू आपलं कुलूप काढून आधीच गेला होता. मी उतरले ती डोक्यात तुझं पत्र घेऊन, आणि कुलूप तसंच ठेवून किल्लीसकट थेट घरी! वारा भन्नाट सुटलेला, बाकीच्या चक्क्या गरगर फिरतायत आणि आमची ढिम्म उभी. साहेबांचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. तशीच पळाले. लंबू अजून चिडवतोय.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तुझ्या पत्राने मी हलले, हे कबूल. तू शाळेत होतीस तेव्हा मी इथेच, चक्क्यांच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून द्यायचे आणि मान वर करून पात्यांकडे बघत बसायचे. चाळिशीत प्रशिक्षण घेतलं, पहिल्यांदा टोकावर पोचले, झाकण उघडलं, आणि वाऱ्याने तोंडात अशी दिली की मी हसतच सुटले. तुझे बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच इतकी हसले गं. तुला भीती वाटते ती मायेपोटी, कळतं मला. तू गाडी हाणतेस तेव्हा माझ्याही घशाखाली घास उतरत नाही, पण गाडी विक असं कधी म्हटलं का?

आता लिहायचं कारण. काल आमची वार्षिक तपासणी झाली. डॉक्टरांनी चढायला परवानगी दिली आणि मी पुढच्या वर्षासाठी सही करून आले, तुला न विचारता. रजाही मागून घेतली आहे. बाळंतपणाला येईन, बाळाला न्हाऊ घालीन, जागरणं सगळी माझी. तू सावरलीस की मात्र परत फिरेन. बाळाने कधी विचारलं, आजी कुठे असते, तर खुशाल वर बोट दाखव. फक्त लोकांचा गैरसमज व्हायच्या आत सांगून टाक, संध्याकाळी ती खाली उतरते.

तुझीच,
न ऐकणारी आई