मैदानावरची सहावी

९ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. तू रागावलेली आहेस हे धरूनच नमस्कार. फोन तू उचलत नाहीस. भाऊजी उचलतात तेव्हा "ती बाहेर गेलीय" असं सांगतात आणि त्यांच्यामागे तुझाच खोकला ऐकू येतो. त्यांना या वयात खोटं बोलायला लावू नकोस, त्यांना ते अजिबात जमत नाही. म्हणून पत्र लिहिते. पत्र तू न वाचता फेकणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते.

इकडे सगळं ठीक. माझी प्रकृती उत्तम आहे. जिना चढताना मधे जरा थांबते, पण तिथे सूचनाफलक आहे, तो वाचते. भाचीला सांग, मावशी अजून शिट्टी वाजवते आणि अजून मुली घाबरतात.

आता कामाचं. आपला संघ बंद करायचं घाटत आहे. गेल्या वर्षी दोघींना ऐन स्पर्धेच्या आठवड्यात नोकरी लागली आणि आपण गेलोच नाही. या वर्षीही सहाजणी मैदानात उतरल्या नाहीत, तर विद्यापीठाचा मुलींचा व्हॉलीबॉल कायमचा गुंडाळायचा, असा ठराव झाला आहे. हॉलमध्ये मग परीक्षेची बाकं ठेवणार. बाकं कुठे ठेवावीत हा इतकी वर्षं मोठाच प्रश्न होता म्हणे, तो सुटला.

कुलसचिव तसे वाईट नाहीत. म्हणाले, "बाई, तुमच्या संघाचा इतिहास दोन पानांत लिहून द्या. समितीपुढे ठेवतो." मी कागद घेऊन बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. इतिहास सुरू होतो तुझ्यापासून, आणि तू माझ्याशी बोलत नाहीस.

मला आठवतं ते लिहिते, चुकलं तर सांग. हॉलच्या खांबांना जाळं अडकवायला एकच आकडा होता, मुलांच्या उंचीचा. त्यांचा सराव संपला की दुपारचा एक तास आपला. जाळं आपल्यासाठी खाली घ्यायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही, आणि आपणही कुठे विचारलं? वर्षभर त्या उंच जाळ्यावरून चेंडू मारायला शिकलो. पहिल्या स्पर्धेला गेलो तर तिथलं जाळं वीतभर खाली. तू कप्तान. तरातरा पंचांकडे गेलीस आणि म्हणालीस, "जाळं सैल पडलंय, वर घ्या." ते म्हणाले, "अहो, बायकांचं जाळं एवढंच असतं." सगळा हॉल हसला. मग आपण मारलेला एकूण एक चेंडू मागच्या रेषेबाहेर गेला, कारण हातांना सवयच त्या उंचीची. काय दणकून हरलो होतो!

आणि मी? तुम्ही पाचजणी होता. मी त्याच वर्षी कॉलेजात आलेली, चेंडू अंगावर आला की डोळे मिटणारी. मला न विचारताच तू माझं नाव देऊन टाकलंस. "तू खेळू नकोस," म्हणालीस, "फक्त उभी राहा. सहावी लागते." त्यानंतर संघात कुणी मला नावाने हाक मारली नाही. दुसऱ्या डावात माझा श्वास अडकला. मी कुणाला काही बोलले नव्हते, पण तू वळून पाहिलंस आणि हातावर हात आडवा धरून टाइमआउट मागितलास. तो संपेपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होतीस. मला खेळ आवडायला लागला तो तिथे.

अजून मी नव्या मुलींना पहिला महिनाभर उंच जाळ्यावरच खेळवते. मग एके दिवशी जाळं खाली घ्यायचं. तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. ताई, याच खोडीवर आपण एकदा कप जिंकला होता. तो कप आता कुलसचिवांच्या टेबलावर आहे, त्यात ते पेनं ठेवतात.

तर माझ्या येण्याआधीचं काय ते तू लिही. तो दुपारचा तास मिळवला कुणी, कसा?

या वर्षी मुली पाचच आहेत. गोड आहेत, उद्धट आहेत. खेळाडू म्हणूनच त्यांना वसतिगृहात खोल्या मिळाल्या आहेत. संघ गेला की खोल्या गेल्या. आमच्या शिडीला (उंची विचारू नकोस) तिच्या बापाने सांगून ठेवलंय, खोली गेली तर शिक्षण बंद, घरी यायचं. सहावीसाठी मी वर्गावर्गांतून हिंडते. कुणी जरा उंच दिसली की मागे लागते. मुली आता मला पाहून दुसऱ्या जिन्याने जातात.

उत्तर लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल.

तुझी धाकटी


२१ ऑगस्ट

प्रिय ताई,

उत्तर आलं. औषधांच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेली चार पानं, तेच भयानक अक्षर. एक शब्द लावायला मला औषधाच्या दुकानात जावं लागलं.

मला हे माहीतच नव्हतं की त्या दुपारच्या तासासाठी तू कुलगुरूंच्या दाराबाहेर भिंतीवर चेंडू आपटत बसली होतीस, आणि ते वैतागून "घ्या तो हॉल, पण इथून जा" म्हणेपर्यंत हलली नाहीस. इतकी वर्षं मी या हॉलची किल्ली सांभाळते आहे आणि हे मला आज कळतंय! ते घालून दोन पानं लिहून दिली. कुलसचिवांनी वाचलं, मनापासून हसले, आणि म्हणाले, "झकास आहे. पण बाई, समिती इतिहासाला मत देत नाही हो. सहाजणी दाखवा."

चौथ्या पानाच्या तळाशी तू एकच ओळ लिहिली आहेस. "ऑपरेशनची तारीख का बदललीस?"

हॉस्पिटलने कळवलं म्हणजे तुला.

होय, बदलली. गेल्या वर्षी सरावात मी पडले तेव्हा तू रात्रीचा प्रवास करून आलीस, त्या मोठ्या डॉक्टरांना गळ घातलीस, आणि मिळालेली तारीख मी तुला न सांगता पुढे ढकलली. एकदा नाही, दोनदा. तू फोन उचलत नाहीस ते याच्या पहिल्या खेपेवरून, दुसरी खेप तुला आत्ता कळली. हृदयाचा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही म्हणजे काय, हे मला समजतं. जिन्यातल्या फलकावर गेल्या वर्षीचीच सूचना आहे. ती मला तोंडपाठ झाली आहे.

आता पहिल्या पत्रात जे लिहायचं होतं आणि धीर झाला नाही ते लिहिते. सहावी मिळाली आहे. सहावी मी आहे.

हसू नकोस. ओरडूही नकोस, आधी ऐक. स्पर्धेच्या नियमात वयाची अट नाही, विद्यापीठाची विद्यार्थिनी असावी एवढंच आहे. मी एम.ए.ला नाव घातलं. विषय इतिहास. शिकवणारी बाई माझीच जुनी खेळाडू आहे. हजेरी घेताना माझं नाव आलं की उभी राहते बिचारी, तिला वाटतं तिनेच "हजर" म्हणायचंय.

मुलींना सांगितलं. मग कप्तान म्हणाली, "बाई, तुम्ही? आमच्यासोबत?" मी म्हटलं, "का, शोभणार नाही?" शिडी म्हणाली, "शोभाल हो. पण तुम्हाला ओरडायचं कुणी?" मग जी हसाहस झाली ती झाली. त्या हसण्यावर मी गेले आठ-दहा दिवस जगते आहे.

चाळिशीच्या पुढच्या खेळाडूला डॉक्टरचा दाखला लागतो. सोबत तो कागद पाठवते आहे. तू सही कर. तुझी सही असली की कुणी दुसरा प्रश्न विचारणार नाही. मी धावणार नाही, उडी मारणार नाही, मागच्या ओळीत मधोमध उभी राहीन. त्या दिवशी राहिले होते तशी.

ताई, मला दुसरं घर नाही. तुला भाऊजी आहेत, लेक आहे, दवाखाना आहे. माझा हा हॉल आहे आणि या पाच पोरी आहेत. हे गेलं तर नवा व्हॉल्व्ह घालून मी कुठे जाऊन बसू? मी तुझ्यापुढे पदर पसरते.

तुझीच,
धाकटी


३ सप्टेंबर

ताई,

लिफाफा मिळाला. दाखला कोराच परत, आणि मागे तुझी ओळ, "माझ्या बहिणीला मारायच्या कागदावर मी सही करत नाही." बरोबर आहे तुझं. मी तुझ्या जागी असते तर कागद फाडून पाठवला असता.

मला दुसरा डॉक्टर मिळाला. बसस्टँडसमोर बसतो. फोनवर बोलता बोलता त्याने सही केली, माझी नाडीसुद्धा धरली नाही. बाहेर आले आणि मला आनंद व्हायला हवा होता, तर रडूच कोसळलं. इतकी वर्षं मला तपासताना तू आधी हात चोळून गरम करतेस, ते आठवलं.

आज शिडीने मला जिन्यात गाठलं. मी फलकाखाली पायरीवर बसले होते. उभं राहवत नव्हतं, हे आता लपवत नाही.

"बाई, काय होतंय?"

"वय होतंय."

"खोटं नका बोलू. माझ्या आजीचे ओठ असेच निळे व्हायचे." माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "आम्ही नाही खेळत. जाऊ दे ती खोली. मी जाते घरी."

"गप्प बस. खोलीचं मी बघते, तू तुझे हात बघ. अजून कोपरात वाकतात."

"तुम्हाला काही झालं ना, तर मी आयुष्यात चेंडूला हात लावणार नाही," असं म्हणाली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागली. मी तिला उगी करायचं की स्वतःलाच, कळेना. येणारेजाणारे आमच्याकडे बघत होते आणि आम्ही दोघी फलकाखाली बसून रडत होतो.

शेवटी आमचा सौदा झाला. एक चेंडू. कुलसचिवांना मी विचारून घेतलं आहे. सहाजणी मैदानात, पंचांची शिट्टी, आणि पहिली सर्व्हिस. तेवढं झालं की संघाने भाग घेतला असं धरतात. त्यानंतर मी बाहेर आले तर पाचजणींचा संघ अपुरा ठरेल आणि आपण हरू. पण बंद होणार नाही. पुढच्या वर्षी दोन नव्या मुली येणार आहेत, मी त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन आले आहे. नवी तारीख स्पर्धेनंतरच्या सोमवारची आहे. हॉस्पिटलला विचार, या वेळी खरं सांगते आहे.

एक चेंडू, असं मी शिडीला वचन दिलं. तिने विश्वास ठेवला.

तू ठेवू नकोस.

तू मला ओळखतेस. पहिला चेंडू त्यांच्या बाजूला पडला तर मला वाटेल, एक गुण मिळाला, आता दुसरा बघू. पोरी माझ्याकडे बघून हसतील आणि मी म्हणेन, मला काही होत नाहीये. मी मैदानातून आपणहून बाहेर येणाऱ्यांतली नाही, मला कधी जमलंच नाही ते. आज जिन्यात मला पहिल्यांदा माझीच भीती वाटली. मला मरायचं नाही, ताई. मला एवढंच हवंय की संघ राहावा आणि तो मला बघता यावा. दोन्ही मला एकटीला जमणार नाही.

म्हणून आता दाखला मागत नाही. दुसरं मागते आहे.

मी मैदानात असणार म्हणजे बाकाजवळची प्रशिक्षकाची खुर्ची रिकामी. त्या खुर्चीतल्या माणसाला हात वर करून खेळ थांबवता येतो. तशी कप्तानही टाइमआउट मागू शकते, पण ती वीस वर्षांची पोर आहे, तिने चेंडू बघायचा की माझे ओठ? प्रशिक्षक म्हणून मी तुझं नाव कळवलं आहे. तुला विचारलं नाही. तूही तेव्हा मला विचारलं नव्हतंस.

शनिवारी सकाळी दहा. हॉल तोच, जिथे तू पंचांना जाळं वर घ्यायला सांगितलं होतंस. ये, हवं तर न बोलता ये. पहिल्या सर्व्हिसपर्यंत मुकाट बसून राहा, तेवढा एक चेंडू मला दे. तो जमिनीला टेकला की हातावर हात धर, आत ये आणि मला दंडाला धरून बाहेर ने. मी भांडेन. सगळ्यांसमोर तुला वाटेल ते बोलेन. तू ऐकू नकोस.

शिट्टी वाजायच्या आधी मी एकदा मागे वळून बघणार आहे. खुर्चीत तू दिसलीस तर मी एक चेंडू खेळून तुझ्याबरोबर घरी येईन. खुर्ची रिकामी दिसली, तरी मी उभी राहणारच आहे.

वाट बघते.

तुझी,
सहावी