सुकलाल आबांची घागर

१९ जानेवारी २०२५

बोलून बसले! आता निस्तरा.

सासूबाई संक्रांतीपासून एकच धरून बसल्यात — या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, वाल्मिकची घागर भरायची. वाल्मिक म्हणजे माझ्या योगिताचे पप्पा. चार वर्षांपूर्वी सकाळपाळीला डबा घेऊन निघाले, इथेच सुरतेत, लिंबायतच्या कापडखात्यावर, लूम चालवायला. पोचलेच नाहीत. पोलिसांत नोंद आहे. अजून नोंदच आहे.

"कितला दिन वाट दखशी, पोरी? भरी टाक घागर." मेथी निवडता निवडता म्हणाल्या. जसं काही पिण्याचा माठ भरायला सांगतायत.

आखाजीची घागर मेलेल्याच्या नावाने भरतात. जिवंत माणसाची भरली तर आपल्या हाताने मारल्यासारखंच. हे मी त्यांना सांगायचं? पोटचा पोरगा त्यांचा!

माझ्या तोंडून गेलं — "आई, आधी तुमच्या सासऱ्यांची भरा. ऐंशी वर्षांत कुणी भरली नाही. सुकलाल आबांचं काय झालं ते कळू दे, मग माझ्याकडे या."

पुन्हा मेथी निवडायला लागल्या. मला वाटलं, मिटलं. तर मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "बरं. शोध."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

२० जानेवारी

चाळीस साड्यांची धागा कटिंग, सुटे धागे कापून दिले. मान आखडली. बाकी काही नाही.

२ फेब्रुवारी

मला वाटलं होतं विसरतील. छे! आज पलंगाखालची पेटी ओढून काढली आणि तळातून एक पोस्टकार्ड माझ्या हातात दिलं.

सुकलाल आबा म्हणजे सासऱ्यांचे वडील. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत भरती झाले तेव्हा सासरे एक वर्षाचे होते. आबा गेले ते गेलेच. बायको सखुबाई — माझी आजेसासू — वाट बघत राहिली. मरेपर्यंत कुंकू लावलं, हिरव्या बांगड्या घातल्या. त्र्याऐंशी साली गेली तर सवाष्ण म्हणून पाठवली. शेवटची आंघोळ सासूबाईंनीच घातली तिला. बारा-तेरा वर्षं एका चुलीवर काढली होती दोघींनी.

सगळ्या गावाला माहीत आहे ही गोष्ट. अमळनेरकडे अजून म्हणतात, वाट बघावी तर सखुबाईसारखी. माझ्या लग्नातसुद्धा कुणीतरी म्हणालं होतं. मी हसले होते.

कार्डावर दोनच ओळी, पेन्सिलीच्या. खुशाल आहे. बन्सीलालला सांभाळणे. बन्सीलाल म्हणजे सासरेच. पण खाली नाव, नंबर, पलटण — सगळं वाचता येतं. योगिताने लगेच फोटो काढला. खुशीत आली की ती गुजरातीच बोलते.

"मम्मी, नंबर छे ने? तो थई गयुं!"

एवढं सोपं असतं होय! मी कार्ड परत पेटीत टाकलं.

९ फेब्रुवारी

योगिता कॉलेजातून आली ती चप्पल न काढताच आत. "मळी गयुं! मम्मी, मळी गयुं!"

त्या लढाईत मेलेल्या सगळ्यांची यादी विलायतेत कुणी ठेवली आहे. मोबाइलवर उघडते. नंबर जुळला. सिपाई सुकलाल. वय चोवीस. मृत्यू १४ डिसेंबर १९४३. इटली. आणि पुढे इंग्रजीत — सखुबाईचा नवरा. गावाचं नावसुद्धा आहे.

चोवीस! आमच्या गल्लीत चोवीसची पोरं अजून आईकडून जेवण वाढून घेतात.

छातीत काहीतरी होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. मी चहा ठेवला. दूध उतू गेलं तेही बघत उभी राहिले, योगिताने गॅस बंद केला.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी बसल्या जागी हात जोडले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मंग आते दोन्ही घागरी भर."

मी म्हणाले, मोबाइलवरचं काय खरं! एका नावाचे शंभर असतात. पलटणीचा कागद हवा. शिक्क्याचा.

योगिता म्हणाली, "मम्मी, नंबर पण जुळलाय."

मी म्हणाले, तू गप्प बस.

१० फेब्रुवारी

पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. कार्डाची झेरॉक्स, सासऱ्यांचा दाखला, सासूबाईंचं आधार. सही सासूबाईंची. शोभाबाई बन्सीलाल — आधी वर्तमानपत्रावर तीनदा गिरवून पाहिली.

मी पोस्टात रजिस्टर टाकून आले. वाटलं, सरकारी काम आहे, आखाजी काय, दिवाळीपर्यंत उत्तर येत नाही. भिजत पडू दे घोंगडं.

१४ मार्च

धुळवड. पोरी रंगवायला आल्या होत्या. मी गाल पुढे केला. कपाळावर कुणी लावायचं की नाही, एकमेकींकडे बघत राहिल्या. मीच लावून घेतलं.

२३ मार्च

आज सासूबाई स्वतःहून बोलल्या. मी गॅलरीत साड्यांचे धागे कापत होते. शेजारी येऊन बसल्या, त्यांनीही कात्री घेतली. दिसत नाही धड, तरी.

म्हणाल्या, "मनी सासूले लोकं देवी म्हणेत. मी तिले तेरा वरीसमा एक डाव बी हासतांना नही दखं. आखाजीले गावमा झोके बांधेत, गाणा व्हयेत, ती दार लायीसन बशे. मी तुले तशी व्हवू देवाव नही."

मी धागा कापत राहिले.

"मना पोऱ्या शे तो. माले काय हौस शे का त्यानी घागर भरानी?"

इतके दिवस मी त्यांना दगड समजत होते. वहीत लिहिलं नाही एवढंच. ही बाई माझ्यासाठी स्वतःच्या पोराला मेला म्हणायला तयार झाली! मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. साडी संपेपर्यंत तेही गेलं. दुसरी घेतली.

५ एप्रिल

पोस्टमन आला. लाइटबिल.

१७ एप्रिल

आलं! दिवाळी म्हणत होते मी, दोन महिन्यांत आलं. जिथे घाई नको तिथे सरकार धावतं.

पाच कागद. योगिताने मोठ्याने वाचले. भरती, उंची, छाती, डाव्या गुडघ्यावर व्रण. बोटीत चढल्याची तारीख. सुट्टी — नाही. मग तीच तारीख, १४ डिसेंबर. गोळी लागून. तिथेच दहन.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पाचवा कागद उरला होता. जुनी मराठी, मोडका टाइप. पती सुकलाल हे लढाईत मरण पावल्याची खबर मला वाचून दाखवली व समजली. तारीख २ मार्च १९४४. खाली काळा ठसा. सखुबाई, डाव्या हाताचा अंगठा. साक्षीला पोलीस पाटलाची सही.

म्हणजे ती वाट बघत नव्हती. तिला माहीत होतं. पोर तीन-चार वर्षांचं असताना तिने हे ऐकलं, अंगठा दिला, घरी आली आणि कुंकू लावलं. एकोणचाळीस वर्षं रोज लावलं.

सासूबाई त्या ठशाकडे बघत होत्या. मग एकदम भडकल्या. "तिले म्हाईत व्हतं! आनि माले रोज सांजले दिवा लावाले लाये — तो येई म्हणे! तेरा वरीस!" कागद माझ्या अंगावर टाकला. जेवल्या नाहीत.

योगिता विचारत राहिली, "पण का, मम्मी? का खोटं बोलल्या असतील?"

मला राग यायला हवा होता सखुबाईचा. नाही आला.

२२ एप्रिल

सासूबाई बोलत नाहीत. माझ्याशी नाही, सखुबाईशी. तिचा फोटो पालथा घातलाय.

एवढंच म्हणाल्या, "पोलीस पाटीलले म्हाईत, तिले म्हाईत. आनि मना मालक शेवटलोंग दरवाजाकडे दखेत." मालक म्हणजे माझे सासरे. बाप येईल म्हणून सत्तरीतही दाराकडे तोंड करून जेवायचे. मी पाहिलंय. मी त्यांना वाढलंय.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त सखुबाईचा विचार करत होते.

योगिताही हल्ली दाराकडे तोंड करून बसते.

३० एप्रिल

आखाजी. गोडादऱ्याच्या बाजारातून सासूबाईंनी परवा दोन घागरी आणल्या होत्या. सकाळी एक भरली. वर लोटा, त्यावर आंबा. सांजोऱ्या, पुरणपोळी, रस. निखाऱ्यावर आगारी, पितरांचा घास, टाकली. सासूबाई म्हणाल्या, "सुकलाल आबा, या जेवाले." आवाज साधाच. दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसा. आणि रडल्या. मी नाही रडले.

दुसरी घागर कोरडीच राहिली. मला वाटलं, आता म्हणतील. म्हणाल्याच नाहीत. पान उचलताना फक्त एवढं, "तुनं तू ठराव. मी आते नही सांगाव."

साडेतीन महिने ज्याला घाबरत होते ते आलंच नाही. सुटले असं वाटायला हवं होतं.

१ मे

योगिता क्लासला गेली की सासूबाईंना सांगणार आहे. आधी इथे लिहिते. इथेही कधी लिहिलं नाही.

योगिताचे पप्पा घरून गेल्यावर नवव्या दिवशी पोलिसांनी मला एकटीला बोलावून एक फोटो दाखवला होता. रुळांपाशी सापडलेला माणूस. चेहरा ओळखू येत नव्हता. उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं होतं, लूममध्ये गेलेलं. त्या हाताला मी दोन महिने हळद लावली होती.

मी म्हणाले, हे नाहीत.