जामचे वावर आणि माझे आमेन

मी, सुलोचना प्रेमदास दुपारे, वय ६७ वर्षे, धर्म ख्रिस्ती, धंदा पूर्वी अध्यापन व आता निवृत्ती, राहणार हिंगणघाट, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. रक्तदाब आहे आणि गुडघे कामातून गेले आहेत, पण त्यांचा मृत्युपत्राशी संबंध नाही असे अण्णाजी वकिलांचे म्हणणे पडले. कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे, असे एक वाक्य या जागी घालावे लागते. ते मला घालता येत नाही. दडपण आहे, आणि मी त्याच्या विरुद्ध लिहीत आहे, एवढेच प्रामाणिकपणे म्हणू शकते. यापूर्वीचा कोणताही कागद निघाल्यास तो रद्द समजावा.

कलम १. मला मूलबाळ नाही. माझे यजमान प्रेमदास हे येथल्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक होते. ते १९९३ साली वारले. रक्ताच्या नात्याचा एकच माणूस उरला आहे, माझ्या धाकट्या भावाचा मुलगा पियुष. तो जामच्या चौरस्त्यावर लेआउट पाडून प्लॉट विकतो आणि आता मंडळीच्या पंचांतही बसतो. कॉलेजात तो माझ्या वर्गात होता. प्रत्येक माणूस स्वतःचा फायदा बघून वागतो असे धरून अर्थशास्त्र सुरू होते, हे मी पहिल्या तासालाच सांगत असे. बाकीची पोरे ते उतरवून घेत आणि परीक्षेनंतर विसरत. पियुष विसरला नाही.

कलम २. राहते घर मिशनचे आहे. जे माझे नाही ते मी कोणाला देऊ शकत नाही. माझ्यानंतर किल्ली पाळकसाहेबांच्या हातात द्यावी, पियुषच्या नव्हे. त्याच्याकडे एक किल्ली आहे असे मला मागच्या महिन्यात कळले. मी कधी दिली नव्हती.

कलम ३. पोस्टातली बचत रोशनीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी द्यावी. रोशनी ही धुरपताची मुलगी, आणि धुरपता माझे जामचे वावर बटईने करते, म्हणजे निम्मे पीक तिचे आणि निम्मे माझे. हे कुटुंब बौद्ध आहे. पंचांपैकी कोणी यावर तोंड वाकडे केले तर त्यांनी आधी आपली मुले कोणत्या सिस्टरच्या हातून जन्मली ते आठवावे.

यजमानांची पेटी मंडळीला द्यावी. पेटी म्हणजे हार्मोनियम, पैशाची पेटी त्यांच्याकडे कधी नव्हती. अट एवढीच, की ती उपासनेत वाजवावी. प्लॉटच्या उद्घाटनाला नेऊ नये. मागे एकदा नेली होती आणि आणली तेव्हा दोन पट्ट्या मुक्या झाल्या होत्या.

माझी अर्थशास्त्राची पुस्तके पियुषला द्यावीत. पहिले प्रकरण फाडून घेतले तरी चालेल, ते त्याला पाठ आहे.

कलम ४. आता वावर. जाम येथील तीन एकर जमीन मी माझ्या पगारातून घेतली. यजमानांना ती पसंत नव्हती. पाळकाच्या घरात सातबारा कशाला, असे ते म्हणत. मी म्हणत असे, तुमचे पेन्शन स्वर्गात मिळणार आहे, तोवर खायचे काय? आमचा संसार या भांडणावर चालला, आणि चांगला चालला. ते रविवारी प्रवचन करीत आणि मी सोमवारी जेवताना त्याला उत्तर देत असे.

सर्वांत जास्त भांडण बायबलातल्या चाकरांच्या दाखल्यावरून झाले. मालक परदेशी जाताना तीन चाकरांना पैसे देऊन जातो. दोघे दुप्पट करतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो, आणि मालक परत आल्यावर तिसऱ्याला हाकलून देतो. मी म्हणायची, यात अर्थशास्त्र चोख आहे, पुरलेला पैसा वाया जातो. एकदा ते ताटावरून हात न काढता म्हणाले, "तो मालक देवच होय, हे तुले कोणी सांगतलं? पेरलं नाई तिथं कापतो, असं त्याच्या तोंडावर सांगणारा तो एकच चाकर निघाला. मले तर तोच खरा वाटते." मी खूप हसले होते. पाळक असे बोलला हे बाहेर कळले असते तर बदली झाली असती.

आता हाच दाखला पियुष घरोघरी प्रार्थनासभेत सांगतो. देवाला दुप्पट करणारा माणूस आवडतो, म्हणून प्लॉट घ्या, म्हणतो. लोक आमेन म्हणतात आणि घेतात. चौपदरी रस्त्याची चर्चा सुरू झाल्यापासून जामला जमिनीचे भाव असे वाढले आहेत की त्याचे बोलणे खरेही ठरते, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त भिववते. खोटे ठरले असते तर लोक सावध झाले असते.

माझे वावर त्याच्या दोन लेआउटांच्या मधोमध येते. रस्ता काढायला ते त्याला हवे आहे. विकत मागितले, मी नाही म्हटले. त्यानंतर जे झाले ते सांगते.

आमच्या मंडळीत पीक घरात आल्यावर हंगामाचा सण होतो. लोक भोपळा, ज्वारी, कोंबडी, जे असेल ते देवापुढे आणतात, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. बाजारात कोणी फुकट नेणार नाही असा भोपळा तिथे दहापट भावाने जातो; घेणारा तो पुन्हा परत ठेवतो, आणि त्याच भोपळ्याचा पुन्हा लिलाव होतो. मागणी आणि पुरवठा तिथे बाहेर चपलांपाशी राहतात. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले, पण या लिलावाचे उत्तर मला कधी फळ्यावर मांडता आले नाही. ते न मांडता येणे मला आवडत असे.

गेल्या नोव्हेंबरात लिलाव संपल्यावर पियुषने समाप्तीची प्रार्थना केली. मी मागच्या बाकावर पिशवीत कोहळा बसवीत होते. प्रार्थना लांबली, मी लक्ष दिले नाही, आणि शेवटी सवयीने सगळ्यांबरोबर मोठ्याने आमेन म्हटले. मान वर केली तर लोक माझ्याकडे बघून टाळ्या वाजवीत होते. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी होते. प्रार्थनेत पियुष म्हणाला होता, "आमच्या आत्यानं आपलं जामचं वावर तुझ्या कामाले देण्याचं मनात धरलं, हे प्रभू, तू ते स्वीकार."

बाहेर मी त्याला धरले. तो म्हणाला, "आता कायची चर्चा आत्या? तुमी आमेन म्हनलं ना? साऱ्यायनं आयकलं."

मला फसवले हे मी तिथेच चारचौघांत सांगू शकले असते. सांगितले नाही. आमेन म्हणजे तसेच होवो. हा शब्द मी लहानपणापासून म्हणत आले, आणि तो परत घेता येतो असे मला कोणी शिकवले नाही. कोहळा घेऊन घरी आले आणि रडले.

कलम ५. दोन आठवड्यांनी पियुष मृत्युपत्राचा मसुदा टाइप करून घेऊन आला. वावर मंडळीला, बाकी काही नाही. स्वतःच्या नावाने एक ओळ नाही. साक्षीदार म्हणून मीच सही करतो म्हणाला, "माहं तर यात काहीच नाई, कोणी बोट दाखवू शकत नाई." मला त्या दिवशी त्याच्याविषयी वाईट बोलल्याची लाज वाटली. मी तो मसुदा अण्णाजींना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि कायद्याचे पुस्तक काढले.

आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या वारसा कायद्यात कलम ११८ आहे. ज्याला भाचा, पुतण्या किंवा त्याहून जवळचे कोणी आहे, त्याने मिळकत धर्मकार्याला द्यायची असेल तर मृत्युपत्र केल्यावर तो बारा महिने जगला पाहिजे, आणि कागद सहा महिन्यांच्या आत निबंधकाकडे जमा झाला पाहिजे. आधीच मेला तर धर्मकार्याचे दान फुकट जाते. मरणाऱ्याच्या उशाशी बसून पाळकाने जमीन लिहून घेऊ नये म्हणून हे कलम केले असावे. मग ती जमीन कोणाला जाते, हे मी विचारले. अण्णाजी म्हणाले, "दुसरी व्यवस्था लिहिली नसेल तर जवळच्या वारसाला. म्हणजे तुमच्या भाच्याला."

म्हणजे मी पियुषच्या मसुद्यावर सही करायची, आणि नंतर वर्षाच्या आत मरायचे. मंडळी मला फुले वाहील, पियुषला कोणी बोट दाखवणार नाही, आणि वावर त्याचे होईल.

तेव्हापासून मी बघत आहे. रक्तदाबाच्या गोळ्या तो आणून देतो. पूर्वी पाकिटात येत, आता कागदाच्या पुडीत सुट्या येतात, आणि रंग वेगळा आहे. त्या मी घेतल्या नाहीत. पुडी अण्णाजींकडे ठेवली आहे. मी भलता संशय घेत असेन तर देवाने मला क्षमा करावी. पण गेल्या रविवारी कबरस्तानात यजमानांना फुले ठेवायला गेले, तर त्यांच्या शेजारची जागा खणून आतून विटांनी बांधून काढलेली होती. सिमेंट ओले होते. माळी म्हणाला, पियुषभाऊंनी सांगितले, आत्यांची सोय करून ठेवा.

म्हणून माझी व्यवस्था अशी. मी आमेन म्हटले, ते मी पाळते. आजपासून बारा महिने मी जगले तर जामचे वावर मंडळीचे. ते विकू नये, लेआउट पाडू नये, रस्त्याला देऊ नये. धुरपताने ते बटईने करावे आणि मंडळीच्या वाट्याचे पीक दरवर्षी हंगामाच्या सणात लिलावाला ठेवावे. परंतु मी बारा महिन्यांच्या आत मेले, कशानेही मेले, किंवा वरचे दान दुसऱ्या कोणत्याही कारणाने कायद्यात टिकले नाही, तर ते तीन एकर धुरपताला तिच्या स्वतःच्या मालकीने मिळावेत. धुरपता धर्मकार्य नाही, बाई आहे. तिला द्यायला कायदा मला जगण्याची अट घालत नाही.

हे मी तिला सांगितले तेव्हा ती माझ्यावर चिडली. "मले नको असं वावर, बाई. तुमी मेल्यावर मिळन म्हंता, मंग मी रोज तुमच्या मरनाची वाट पाहू काय? तुमी जगजा." तेव्हापासून ती दोन्ही वेळचा डबा स्वतः घेऊन येते आणि मी जेवेपर्यंत समोर बसते. ज्या दिवशी मी मरेन त्या दिवशी ही बाई तीन एकरांची मालकीण होईल, आणि ती मला म्हणते भाकरी अजून एक घ्या. पहिल्या तासाला मी जे सांगत असे त्यात धुरपता बसत नाही. यजमान असते तर त्यांनी ताटावरून हात न काढता माझ्याकडे नुसते पाहिले असते.

कलम ६. मला पुरण्याची घाई करू नये. बारा महिन्यांच्या आत गेले तर आधी सरकारी दवाखान्यात नेऊन तपासणी करावी, मग प्रार्थना. त्या जागेतल्या विटा काढून धुरपताला गोठ्यासाठी द्याव्यात आणि मला साध्या मातीत, यजमानांच्या शेजारी ठेवावे. प्रवचनाला चाकरांचा दाखला घेऊ नये.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अण्णाजी वकिलांनी करावी.

कलम ८. हे कलम मी आत्ता, सगळ्यांसमोर, जास्तीचे लिहीत आहे. पियुष साक्षीदार म्हणून सही करायला आला होता. आपलाच मसुदा मी हाताने उतरवला असे त्याला वाटले. अण्णाजींनी मजकूर मोठ्याने वाचला. पाचव्या कलमापाशी पियुषने हातातल्या पेनाचे टोपण लावले. शेवटपर्यंत ऐकले, उठला आणि माझ्या पाया पडला. म्हणाला, "कागद काय आत्या, दुसरा बी होते. तुमची तब्येत अशी, हात थरथरून राह्यला, सही नाई जमली तर अंगठा चालते." आणि गेला.

म्हणून लिहिते. तेहतीस वर्षे मी फळ्यावर लिहिले. माझा अंगठा असलेला कोणताही कागद, त्यावरची तारीख कोणतीही असो, माझा समजू नये. हात थरथरला तर थरथरती सही करीन. सहीही करता येत नसेल, तर मला काही सांगायचे नव्हते असे समजावे.

ठिकाण: हिंगणघाट
दिनांक: १४ मार्च २००१

(सही) सुलोचना प्रेमदास दुपारे

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमक्ष केली:

१. ~~पियुष~~ (सही न करता गेले.) त्यांच्या जागी तानबा, कॉलेजातील निवृत्त शिपाई. (सही)

२. अण्णाजी, वकील. (सही)

ता. क. हा कागद पाकिटात घालून, लाखेचा शिक्का मारून आजच वर्ध्याला जिल्हा निबंधकाकडे जमा करावयाचा आहे. मी, अण्णाजी आणि तानबा एस.टी.ने जाणार आहोत. पियुषने दारात जीप आणून उभी केली आहे आणि ड्रायव्हर खाली उतरून दार उघडून उभा आहे. त्या जीपमध्ये आम्ही कोणी आढळलो, तर आपल्या मर्जीने बसलो नव्हतो.