पाच बीप

सोमवार, ३
नोकरी लागली, खोली मिळाली, आणि खोलीपासून गोदाम चालत सात मिनिटांवर! एका दिवसात एवढं सुख म्हणजे दृष्टच लागायची. गोदाम धान्याचं आहे. लांबलचक, पत्र्याचं, पोत्यांच्या थप्प्या छताला टेकलेल्या. माझं काम इथले कॉम्प्युटर सांभाळायचं. एक गेटवर आहे. आत जाताना आणि बाहेर पडताना प्रत्येकाने त्याला कार्ड टेकवायचं, की आत किती माणसं आहेत तो आकडा पडद्यावर दिसतो. मोबाइल मात्र गेटवरच जमा.

गेटवर टाइमकीपर बसतात. सगळे त्यांना काका म्हणतात. पहिल्याच चहाला मी यंत्र आणि माणूस या विषयावर पाऊण तास बोललो, तेव्हापासून त्यांनी मला ‘वक्ते’ करून टाकलं. म्हणाले, वक्ते, चहा गार झाला, आता भाषण तरी गरम ठेवा!

त्यांची एक गोष्ट मला फार आवडली. कंपनीची बस पाचच्या ठोक्याला सुटते. सगळे कार्ड टेकवायला रांगेत उभे राहिले तर निम्म्यांची बस चुकेल. म्हणून चार पन्नासला काका एक बटण दाबतात आणि सगळे एकदम ‘बाहेर’. माणसं मागून हात धुऊन येतात. नियमात बसत नसेल, माणुसकीत बसतं.

मंगळवार, ४
मला कशासाठी घेतलंय ते आज कळलं. गोदामाच्या दुसऱ्या टोकाला काचेची केबिन आहे. पूर्वी गेट तिकडे होतं, आता ते दार विटांनी बुजवलंय. केबिनमध्ये त्या गेटचा जुना कॉम्प्युटर पडून आहे. चार महिन्यांपूर्वी धान्याला धुरी दिली. दारं बंद करून आत विषारी वायू सोडतात, किडे मरतात. त्या वेळी पाच माणसं आत राहिली आणि मेली. कंपनी म्हणते, नोंदीप्रमाणे सगळे बाहेर पडले होते. हे पाच जण पोती चोरायला खिडकीतून परत शिरले. ती नोंद त्या कॉम्प्युटरमध्ये आहे आणि त्या संध्याकाळपासून तो सुरू होत नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी गुरुवार, तेरा तारखेपर्यंत मुदत दिली आहे. नाहीतर कंपनीचं म्हणणं कायम.

दुपारी गेटबाहेर पाचांपैकी एकाची बायको भेटली. मी त्यांना वहिनी म्हटलं. त्या म्हणाल्या, भाऊ, शाळेत माझ्या पोरीला चोराची पोर म्हणतात. मला दुसरं काही नको, तो डाग तेवढा पुसा. मी शब्द दिला. यंत्र खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, हे मी आयुष्यभर सांगत आलो आहे. आता सिद्ध करायची वेळ आली.

गुरुवार, ६
वायर ठीक. पॉवर सप्लाय बदलला. पंखा फिरतो, पडदा काळाच. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या, बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी नवी घातली. डिस्क काढून गेटवरच्या मशीनला लावली तर कोरी दिसते. ती जुन्या बोर्डाशीच कुलूपबंद केलेली आहे. म्हणजे हेच धूड उठवायला हवं.

बटण दाबलं की पाच बीप. बिघाडांच्या माझ्या तक्त्यात पाच बीप म्हणजे प्रोसेसर. उद्या बदलतो.

शुक्रवार, ७
प्रोसेसर बदलला. पाच बीप.
बोर्ड बदलता येत नाही. मग बंद करून हत्यारं आवरत होतो तर आपोआप पुन्हा पाच. घड्याळात चार पन्नास. कुठेतरी वीज साठलेली असणार. प्रत्येक दोषाला कारण असतं.

सोमवार, १०
प्लग काढून ठेवला. स्पीकर सोडवून खिशात घातला. चार पन्नासला पाच बीप.
खिशातून नाही. डब्यातून.

काकांना सांगितलं तर त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. म्हणाले, मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, वक्ते. तुम्ही तर तिची धार काढायला बसलात! भंगारात द्या तो डबा. मग खाली बघत हळूच सांगितलं: ते पाचही जण त्या केबिनमध्येच सापडले. दाराच्या फटीत शर्ट कोंबलेले. एकाचा हात कीबोर्डवर. पाचही जवळपास राहणारे, पायी जाणारे, त्यामुळे बसमध्ये त्यांची उणीव कुणाला जाणवली नाही.
पोती चोरायला आलेला माणूस कीबोर्ड कशाला बडवेल?

मंगळवार, ११
काल काच पुसली होती. आज आतल्या बाजूने तळहातांचे ठसे. पुसले. जेवून आलो तर परत—
मॅनेजर म्हणाले, किडे वाढलेत, शुक्रवारची धुरी अलीकडे घ्यावी लागेल, नवी वेळ उद्या जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगतील. मी नीट ऐकलं नाही. पाठीमागे कुणीतरी कळा दाबत होतं.
चार पन्नास. पाच.
पळून जावंसं वाटतं. पण शब्द दिलाय. उद्याचा एकच दिवस.

बुधवार, १२
जेवायला गेलो नाही. वेळ नाही.

साडेचार. बटण दाबलं. सहा बीप. पहिल्यांदाच सहा! तक्त्यात सहा म्हणजे कीबोर्ड. जुना काढला, नवा लावला—
सुरू झाला.

नोंद सापडली. त्या पाचांपुरती काढली, मागच्या पानावर उतरवून घेतो. पाच नावं. पाचही ‘बाहेर’, चार पन्नासला, एकाच सेकंदाला. एका यंत्राला पाच कार्डं एका सेकंदात टेकत नाहीत. ते बाहेर पडलेच नव्हते. ते बटण. काकांचं—
आणि मी त्याला माणुसकी म्हणालो.

यंत्र खरंच खोटं बोललं नाही. त्याला जे सांगितलं तेच त्याने सांगितलं.

खाली सहावी ओळ आहे. माझं नाव. आजची तारीख. चार पन्नास. बाहेर.
हा डबा तर कशालाच जोडलेला नाही—

घड्याळात चार छप्पन्न.

दिवे गेले. गोदामाचं दार बाहेरून बंद. ओरडलो. धुरीच्या पंपाचा आवाज, कुणाला ऐकू जाणार? काका बसमध्ये असतील. गेटवरच्या पडद्यावर शून्य.

वीज नाही तरी हा पडदा चालू आहे. आत: ६.

केबिनच्या दाराच्या फटीत शर्ट कोंबला. वास येतोय. कळा दाबतोय, काही होत नाही— माझ्या बोटांखाली आधीच बोटं आहेत. सरकून जागा देताहेत—

वहिनी, चोर नव्हते. एकच सेकंद. पान मागचं बघा. पोरीला सांगा—

ही वही मिळेल त्याने लिहून ठेवावं, मी बाहेर गेलो नव्ह