आईच्या वाटणीचं धन

महिन्याचा पहिला शुक्रवार, मढ. संध्याकाळ.

फादर आईला कम्युनियनची पवित्र भाकर द्यायला घरी आले होते. गळ्याच्या कॅन्सरमुळे तिला पाणीही उतरत नाही, हे मी त्यांना आधी का नाही सांगितलं? सकाळपासून ती खुणेने विचारत होती, मेणबत्ती लावलीस ना? मग फादरना येऊ नका म्हणून कसं सांगणार?

फादर म्हणाले, "आधी नुसतं पाणी देऊन बघू." चमचाभर दिलं, ते सगळं नाकातून बाहेर आलं. त्यांनी हात मागे घेतला. "मनात घे, मावशी. येशू तसाही येतो."

आवाज होता तेव्हा कम्युनियन घेऊन आली की ती म्हणायची, "माझं सगळं धन ह्यातच हाय." हेच का ते धन? घोटभर पाण्याला महाग केलं तिला त्या येशूने! रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली होती.

तेवढ्यात आईने माझ्याकडे बोट केलं. तिच्या वाटणीचं मी घ्यावं म्हणून. मी? रविवारी घेते तेही सवयीने, आणि लक्ष घरच्या गॅसवर.

पण घेतलं. तिच्यासाठी.

तो चमचा अजून उशाशीच पडलाय, उचलवत नाही. कारण मी गिळलं ना, तेव्हा आईने डोळे मिटले, आणि गळा तिचा हलला.