पितृपक्षातली गाडी

शनिवार, संध्याकाळ

गणपतीआधी याच शोरूममध्ये मला कोणी पाणीही विचारलं नव्हतं. सेल्समन म्हणाला होता, "मॅडम, छोट्या एसयूव्हीला दसऱ्यापर्यंत रांग आहे, डिस्काउंट विसरा." आज पितृपक्षात शोरूम ओस, आणि चहा दोनदा आला. मी म्हटलं, "डिलिव्हरी याच आठवड्यात घेते. बोला, किती कमी करता?" तो दचकलाच. मग किंमत उतरली, वर सीटकव्हर फुकट. चहा मी दोन्ही वेळा तसाच ठेवला. जरा आगाऊपणाच, पण बरं वाटलं.

करंजाड्याला परतताना धाकधूक एकच. अशा दिवसांत गाडी घेतली, हे सासूबाईंना कसं सांगू? घरी पोचताच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "तुझे सासरे गाडी गाडी करतच गेले. या दिवसांत घरी येतातच ना ते? पहिली चक्कर त्यांनाच. पुढची सीट रिकामी ठेव."